दाढदुखीवर मिश्री हे औषध नव्हे



'आमच्या आजीचे दात ऐंशीव्या वर्षीही शाबूत होते, कारण ती मिश्री लावायची' हे पत्र आपण सोमवारी छापले आणि बुधवारच्या अंकात आणखी दोघांनी त्याला दुजोरा दिला. वाचून संताप आला. मी राधानगरी तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आहे. मिश्रीची डबी नाही अशी गल्ली मला तिथे दिसली नाही. 'कधीपासून लावता?' असे विचारले की उत्तर ठरलेले असायचे, 'दाढ ठणकाय लागली तवापासनं.' पोरगी बाळंत होते, दाढ दुखते, सासू चिमूटभर हातावर ठेवते. ठणका बधिर होतो आणि व्यसन मात्र जन्माचे मागे लागते.

मिश्री करायची म्हणजे तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका उठतो, मग ती चुरून डबीत भरायची. ती दिवसातून चार-पाच वेळा हिरडीवर घासली जाते. बायका अर्धा-अर्धा तास उंबऱ्यावर बसून तोंडात धरतात आणि तान्ह्या लेकराला त्याच काळ्या बोटाने गूळ चाटवतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दाढ दुखते ती किडीमुळे. गोड खाल्ले की तोंडातले जंतू त्याचे आम्ल करतात, आम्ल दाताचे कवच पोखरते, खड्डा नसेपर्यंत पोहोचला की रात्री झोप लागत नाही. खड्डा लहान असेल तर सिमेंट भरून भागते, नसेला सूज आली तर रूट कॅनल करावे लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. मिश्रीने यातले काहीच होत नाही. ती फक्त दुखणे झाकते. त्यात हिरडी मागे सरते, दात हलू लागतो. एक दिवस ठणका आपोआप थांबतो आणि घरचे म्हणतात, गुण आला! नस मेलेली असते आणि पू मुळाखाली हाडात उतरत असतो.

राहिले आजीचे दात. आजीच्या काळात सकाळी भाकरी-कालवण असायचे, सणावाराला पोळी. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेले बिस्कीट तिच्या पिढीला ठाऊक नव्हते. तिचे दात त्यामुळे टिकले. आणि ज्या आज्यांची पन्नाशीत कवळी झाली, त्यांच्या नातवंडांनी वर्तमानपत्राला पत्रे पाठवली नाहीत.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी केली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे 1997 मध्ये बंदी कायम राहिली. म्हणजे तंबाखू दाताला लावण्याची वस्तू नाही, हे ठरून तीस वर्षे उलटून गेली. आपल्याकडे मात्र निपाणीचा बाजार शेजारी, घरी तवा आहे, नाहीतर किराणा दुकानात भाजलेल्या मिश्रीची पुडी तयार. पुडीवर कर्करोगाचे चित्र असते, पण ते बघतो कोण! घासायची दातालाच, विकायची मात्र तंबाखू म्हणून, की झाला कायदा निकामी.

आणि हे फक्त दातांपुरते नाही. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. धूर नसलेली तंबाखू घेणाऱ्या बायकांत बहुतेक जणी मिश्रीवाल्या होत्या, आणि त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. 105 ग्रॅम! आधीच अडीच किलोच्या आत असलेल्या बाळाचे 105 ग्रॅम म्हणजे काय, हे कोणत्याही सुईणीला विचारा. गरोदरपणाच्या नोंदणीत प्रत्येक बाईला मिश्रीबद्दल विचारलेच पाहिजे.

पण नुसते 'सोडा' म्हणून बाई सोडणार नाही, कारण तिची दाढ खरोखर दुखते आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताचा डॉक्टर नसतो. गगनबावड्याच्या बाईला त्यासाठी कोल्हापूर गाठावे लागते. एसटीचे तिकीट बायकांना अर्धे झाले, चांगलेच झाले. पण बुडालेला पगार कोण देणार? महिन्यातून ठरलेल्या वारी दाताचा डॉक्टर केंद्रावर बसवायला जिल्हा परिषदेला काय अवघड आहे? रंगरंगोटीला आणि फलकांना पैसे मिळतात, मग दातांच्या एका खुर्चीला का मिळू नयेत?

वाचकांना विनंती आहे. घरात कुणाची दाढ दुखत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा, रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा आणि दुखणे थांबले तरी दाताच्या डॉक्टरला दाखवाच. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्या. मिश्रीची डबी मात्र कुणाच्या हाती देऊ नका.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, राजारामपुरी, कोल्हापूर