फैसला अल्लाहचाच, पण तो सांगणारा कोण?

कुरआनमध्ये परस्परविरोधी आदेश आहेत, असे म्हणणारे एक उदाहरण हमखास देतात. सूरह यूसुफ (आयत ४०) सांगते की हुक्म केवळ अल्लाहचा. सूरह निसा (आयत ३५) सांगते की पती-पत्नीत तेढ वाढेल अशी भीती असेल, तर एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमा. मग निवाडा कोणाचा, अल्लाहचा की पंचांचा?

हा विरोध आपल्यातलेही काही जण मानतात. फरक एवढाच की ते पहिली आयत धरतात आणि दुसरी विसरतात. मत दिले तर शिर्क, कोर्टात गेला तर कुफ्र, सरकारी नोकरी केली तर ईमान संशयात! टीका करणारा बाहेरचा, फतवा देणारा आतला, पण दोघांची वाचायची रीत एकच. आयत उचलायची आणि तिचे मागचे-पुढचे तोडून टाकायचे.

मी भाषा शिकवतो, म्हणून आधी शब्द पाहू. मराठीत हुकूम म्हणजे आज्ञा. अरबी ‘हुक्म’ त्याहून मोठा आहे. निर्णय, निवाडा, फैसला हे सारे त्यात येते. ‘हाकिम’ आणि ‘महकमा’ त्याच धातूचे, आणि सूरह निसामधला पंच, म्हणजे ‘हकम’, तोही त्याच धातूचा.

आता हे विधान कुठे येते ते पाहा. सूरह अनआममध्ये (आयत ५७) विरोधक पैगंबरांकडे (स.) अजाब लवकर आणण्याची मागणी करतात. उत्तर असे की तो निर्णय माझ्या हातात नाही, अल्लाहच्या हातात आहे. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) तुरुंगातल्या सोबत्यांना मूर्तिपूजेविषयी समजावतात की भक्ती एकट्या अल्लाहचीच. त्याच सूरहमध्ये (आयत ६७) हजरत याकूब (अ.) मुलांना वेगवेगळ्या दरवाजांनी शहरात शिरायला सांगतात, आणि लगेच म्हणतात की होणार ते अल्लाहच्याच फैसल्याने. एका ठिकाणी अजाब, एका ठिकाणी इबादत, एका ठिकाणी तकदीर. माणसांनी आपसांतले तंटे न्यायाने मिटवू नयेत, असे यातल्या एकाही ठिकाणी म्हटलेले नाही.

उलट तीच सूरह पुढे वाचा. तुरुंगात हे बोलणारे यूसुफ (अ.) सुटल्यावर राजाला म्हणतात, मला देशाच्या भांडारांवर नेमा (आयत ५५). राजा मिसरचा, कायदाही त्याचाच. त्या राजाच्या कायद्याचा उल्लेख कुरआन स्वतः करतो (आयत ७६). आता ज्याच्या तोंडी ते विधान आहे, त्या नबीलाच आमचे फतवेबाज काय ठरवणार?

ही चूक आजची नाही. इसवी सन ६५७ मध्ये सिफ्फीनच्या रणांगणावर हजरत अली (रजि.) यांनी लवाद मान्य केला, तेव्हा त्यांच्याच सैन्यातला एक गट हेच विधान घोषणा म्हणून ओरडत वेगळा झाला. ते खवारिज. हजरत अलींचे उत्तर प्रसिद्ध आहे. बोल खरे आहेत, पण त्यातून साधायचे आहे ते खोटे. रिवायतीत येते की त्यांनी लोकांसमोर मुसहफ ठेवला आणि त्यालाच बोलायला सांगितले. लोक म्हणाले, ही तर कागदावरची शाई. मुद्दा तोच होता. ग्रंथ माणसाच्या तोंडूनच बोलतो, आणि ते तोंड चुकू शकते.

हजरत इब्ने अब्बास (रजि.) त्यांना समजवायला गेले तेव्हा त्यांनी दोन आयती पुढे ठेवल्या. एक पती-पत्नीच्या पंचांची. दुसरी सूरह माइदाची (आयत ९५), ज्यात एहराममध्ये शिकार केली तर दोन न्यायी माणसांनी भरपाई ठरवावी असे आहे. सशाच्या किमतीसाठी माणसांचा निवाडा चालतो, मग मुसलमानांचे रक्त वाचवायला का चालत नाही? बरेच जण परतले. जे उरले, त्यांनी सहाबीपुत्र अब्दुल्लाह बिन खब्बाब यांना ठार केले, त्यांच्या घरच्या गरोदर स्त्रीलाही सोडले नाही. तेच लोक वाटेत पडलेली परक्या झाडाची खजूर खाताना हराम-हलालचा विचार करत होते! ६६१ मध्ये कूफ्याच्या मशिदीत हजरत अलींवर तलवार चालवणारा इब्ने मुल्जम याच पंथाचा.

दुसरा आवडता आधार सूरह माइदाचाच. अल्लाहने उतरवलेल्या कायद्यानुसार निवाडा न करणाऱ्यांना तिथे काफिर (आयत ४४), जालिम (४५) आणि फासिक (४७) म्हटले आहे. फतवेबाज फक्त पहिला शब्द वाचतो. शब्द तीन का आले, हा संदर्भ तौरात आणि इंजीलवाल्यांचा कसा आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. हा मिल्लतमधून बाहेर काढणारा कुफ्र नव्हे, हे इब्ने अब्बासांचे मतही त्याला अडचणीचे वाटते.

कोणी विचारेल, मग माणसाचा कायदा आणि अल्लाहचा कायदा सारखाच का? मुळीच नाही. निवाडा कराल तेव्हा न्यायानेच करा, हा आदेश (सूरह निसा, आयत ५८) प्रत्येक पंचावर, न्यायाधीशावर आणि मतदारावर आहे. अल्लाहची हुकूमत तिथेच दिसते. माणसाला निवाड्याची जबाबदारी दिली आणि तिचा हिशेबही ठेवला. म्हणजे एक आयत मालक कोण ते सांगते, दुसरी जबाबदार कोण ते. यात विरोध कुठे आहे?

विरोध आहे तो फैसला केवळ अल्लाहचा म्हणत स्वतःच फैसला सुनावणाऱ्याच्या वागण्यात. मोबाइलवर आलेले एक वाक्य वाचून बापाच्या मागे नमाज पढायला नकार देणारा मुलगा अल्लाहचा हुक्म पाळत नसतो, कुणातरी अनोळखी माणसाचा पाळत असतो. त्याला हाकलू नका. त्याच्यासोबत बसा, सूरह यूसुफ पहिल्या आयतीपासून शेवटपर्यंत, अर्थासह वाचा. शंभरच्या वर थोड्याच आयती आहेत, तासाभराचे काम.