वर्गातील इंग्रजीचा आवाज

महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय २००० साली अमलात आला, त्यास आता पाव शतक लोटले. त्या वेळचा वाद आज उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु दहा वर्षे इंग्रजी शिकून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीत साध्या प्रश्नाला उत्तर देताना अडखळावा, ही गोष्ट उपेक्षणीय खास नाही. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. पन्नास मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिटही बोलणे येत नाही. न बोलता बोलावयास शिकावे, अशी अपेक्षा आपण त्याच्याकडून करीत आलो आहोत.

यावर एक साधा उपाय आहे. शिक्षकाने धड्यातील उतारे व संवाद स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावेत, मुलांनी ते ऐकावेत आणि मग आपले बोलणे मुद्रित करून स्वतःच ताडून पाहावे. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा कित्येक शिक्षकांनी मोबाइलवर धडे मुद्रित करून घरोघर पाठविले. तेव्हा निरुपायाने हाती घेतलेले हे साधन आता विचारपूर्वक वापरता येईल.

त्याची गरज किती आहे, हे वर्गात ज्याने खडू धरला आहे त्यास सांगावयास नको. आपली मुले इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. ‘रेकॉर्ड’ हाच शब्द घ्या. नाम असता आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असता दुसऱ्यावर. देवनागरीत मात्र दोन्ही सारखेच! हा भेद कागदावर दिसत नाही, तो कानांनीच शिकावा लागतो. लंडनच्या उच्चारांची नक्कल आम्हांस अभिप्रेत नाही; ऐकणाऱ्यास अर्थ सहज कळावा, एवढेच पुरे.

तथापि येथेच एक धोका संभवतो. २०१९ च्या मार्चमधील दहावीच्या परीक्षेत भाषांचे २० अंतर्गत गुण नव्हते. त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला, आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. या घसरणीची इतरही कारणे असतील. पण ओरड झाली आणि त्याच वर्षी ते गुण पुन्हा बहाल करण्यात आले. तोंडी परीक्षेच्या गुणांविषयी असा संशय असता, मुलांचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून मागवावे, असा मोह शिक्षणखात्यास होणे स्वाभाविक आहे. तो त्याने आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुद्रण पुरावा ठरले की शाळा चार वाक्ये घोकून घेतील आणि अडखळणारे मूल यंत्रापुढेही गप्प बसेल. शिक्षकांचीही तीच गत होईल. ज्याचा स्वतःचा उच्चार डळमळीत आहे असा शिक्षक, तपासणीचा धाक असेल तर, आपला आवाज मुद्रित करण्याचे धाडस कधीही करणार नाही. खरे तर चुकलेले वाक्य पुन्हा उच्चारून त्यानेच प्रथम मुलांचे भय घालवावयास हवे.

आणखी दोन पथ्ये आवश्यक आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या वैयक्तिक माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची संमती पडताळून घ्यावी, अशी तरतूद २०२३ च्या कायद्यात आहे. तेव्हा मुलांचे आवाज व्हॉट्सॲपच्या समूहांवर फिरविणे सर्वथा अनुचित होय. दुसरे असे की, ज्या घरात एकच मोबाइल असून तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो, तेथील मुलास हा गृहपाठ देणे अन्यायाचे ठरेल. मुद्रण शाळेच्या वेळात, शाळेच्याच यंत्रावर व्हावे.

सुखवस्तू घरातील मूल इंग्रजी घरीच ऐकते, शिकवणीत बोलते. नगरपालिकेच्या शाळेतील मुलास ही संधी शाळेनेच द्यावयास हवी. जूनमध्ये मुद्रित केलेला आपला आवाज त्याने मार्चमध्ये ऐकावा आणि झालेली प्रगती स्वतःच्या कानांनी पडताळावी. या मुद्रणास गुण मिळणार नाहीत, हे शिक्षणखात्याने वर्षारंभीच निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे.