चित्रातली वस्तू आली कुठून?

प्रभाकर पाचपुते यांचं काम कार्डिफ आणि व्हेनिसच्या रसिकांनी पाहिलंय. हा चित्रकार पुण्यात राहतो, इथेच काम करतो, हे किती पुणेकरांना ठाऊक असेल? त्यांचा जन्म १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. गाव कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं, आणि घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खाणीत राबलेली. खैरागड आणि बडोदा इथे कलेचं शिक्षण घेतल्यावर पाचपुते यांनी हाती धरला तो कोळसाच. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन झालं. विषारी वायूचा सुगावा लागावा म्हणून पूर्वी खाणीत कॅनरी पक्षी नेत, त्याची आठवण या नावात आहे.

भिंतीवर थेट काढलेली प्रचंड रेखाटनं, लहानमोठी शिल्पं, रेखाटनांना हलतं करणारं अ‍ॅनिमेशन आणि आवाज, असा त्यांचा ऐवज. माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी एखादी वस्तूच उगवलेली दिसते. चेहरा नाही, डोळ्यांत पाणी नाही, तरी बघणाऱ्याच्या छातीवर दडपण येतं.

ते का येतं, याचं उत्तर बरंचसं कोळशात आहे. चित्रकाराचा कोळसा खाणीतला नसतो. झाडाच्या काड्या हवा न लागू देता भाजून तो करतात. तो भिंतीवर घट्ट बसत नाही. हात लागला की रेघ विस्कटते, बोटं काळी होतात, आणि पुसून टाकलं तरी मागे राखाडी डाग उरतो. खाणकामगाराच्या अंगावरही काजळी अशीच बसते, धुतली तरी कातडीच्या रेषांत राहते. जे सांगायचं तेच सांगण्याच्या साधनातही मुरलेलं आहे, म्हणून हे काम आतपर्यंत पोचतं.

वेगवेगळ्या वस्तू आणि साधनं एकत्र आणणाऱ्या मिश्र माध्यमाची खरी कसोटी हीच, आणि आपल्याकडे नेमकी तीच विसरली जाते. कॅनव्हासवर थोडी वाळू, गोणपाटाचा तुकडा, फुटक्या आरशाच्या काचा, वरून सोनेरी रंग आणि खाली ‘वेदना’ अशी चिठ्ठी, असली चित्रं कलादालनांत वरचेवर भेटतात. करणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण ते गोणपाट कुठल्या गोदामातलं, तो आरसा कुणाच्या घरातला, हे चित्राला माहीतच नसतं. नुसता पोत म्हणून आलेली वस्तू डोळ्याला सुखावते आणि तिथेच थांबते. भावना चिठ्ठीवर लिहून येत नाही.

खरं तर मिश्र माध्यमाचा उगमच रोजच्या वस्तूंतून झाला. पिकासोने १९१२ मध्ये खुर्चीच्या वेताची छपाई असलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोर लावला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत कुर्ट श्विटर्स यांनी वापरलेली तिकिटं, फाटके कागद, मोडके लाकडी तुकडे जोडून चित्रं केली. मोडून पडलेल्या समाजाचे ते खरेखुरे तुकडे होते.

महाराष्ट्रातलं सर्वांत हृदयद्रावक उदाहरण मात्र मुंबईतल्या रुमाना हुसेन यांचं. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. तोवर चित्रं रंगवणाऱ्या रुमानांना नुसता रंग पुरेना. त्यांनी मातीची मडकी घेतली, ती फोडली आणि खापऱ्या आरशावर मांडल्या. मडक्याच्या गोलाईत घुमट दिसतो, बाईचं पोटही दिसतं. स्वयंपाकघरातली वस्तू फुटते तेव्हा घर आणि देश एकदमच फुटल्यासारखे वाटतात. १९९५ मध्ये त्यांनी ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ हा प्रयोग स्वतःच्या देहानेच सादर केला. १९९९ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. त्या खापऱ्यांपुढे उभं राहिल्यावर दंगलीच्या बातम्या नव्याने वाचल्यासारख्या वाटतात.

वस्तूत जीव अडकतो, हे पुण्याला कुणी शिकवायची गरज नाही. बाजीराव रस्त्यालगतचं राजा दिनकर केळकर संग्रहालय हा तर एका बापाचा शोक आहे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकर यांचा राजा हा मुलगा लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, दरवाजे गोळा केले. त्यातली एखादी वज्री नीट पाहावी. टाच घासायची खरखरीत बाजू खाली, आणि वर मुठीच्या जागी पक्षी नाहीतर प्राणी. रोज आंघोळीच्या वेळी हातात यायची वस्तू, आणि तिच्यावर कुणीतरी एवढा जीव लावलेला! मिश्र माध्यमात काम करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने रंगांच्या दुकानात जाण्याआधी एक दिवस इथे घालवावा.

नुसता पोत म्हणून वस्तू वापरायची सवय शाळेपासूनच बदलायला हवी. चित्रकलेच्या इलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र शिकवलं, हे ऋण मोठं आहे. पण स्मरणचित्रात मूल जत्रा काढतं, भाजीबाजार काढतं. आजोबांच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा त्याला कागदावर चिकटवता येत नाही. तो येऊ द्यावा. सदरा कुणाचा, तो कागदावर नेमका तिथेच का, असं शिक्षकांनी विचारावं आणि मुलाला बोलू द्यावं.

शहराचंही काही देणं आहे. जानेवारी २०१७ मध्ये पुणे बिनाले हे कलाप्रदर्शन झालं, तेव्हा रोजच्या वापरातल्या जागांचा कलेशी असलेला संबंध हाच त्याचा विषय होता. त्या दिशेने सातत्याने पुढे जायला हवं. पाचपुते यांना २०२१ मध्ये कार्डिफचा आर्टेस मुंडी पुरस्कार इतर पाच कलावंतांसह विभागून मिळाला. २०२२ मध्ये व्हेनिस बिनालेच्या मुख्य प्रदर्शनात त्यांचं काम होतं. अशा कामाला खिळ्याला टांगलेली फ्रेम पुरत नाही. महापालिकेच्या एखाद्या कलादालनात एक मोठी भिंत कोळशाने रंगवायला मोकळी ठेवावी, मांडणीशिल्पासाठी अंधार करता येईल अशी एक खोली द्यावी, आणि तीन दिवसांऐवजी महिनाभराची मुदत द्यावी. पहिलं निमंत्रण पाचपुते यांनाच जावं, आणि उद्‌घाटनाला चंद्रपूरच्या खाणकामगारांना बोलवावं.