जर्मनीची वाट आणि जालन्याची भट्टी

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी 'कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा' करार केला. ११ जुलै रोजी शालेय शिक्षण विभागाचा शासननिर्णय निघाला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठविण्याचा संकल्प जाहीर झाला. परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, स्वयंपाकी अशी यादी होती. या सगळ्यात 'पुरविणे' हे क्रियापद कोणालाही खटकले नाही. साखर पुरवितात, सिमेंट पुरवितात, आता माणसे. पुरविणारा आणि घेणारा असे दोघे करारात आहेत. जाणारा आणि त्याच्यामागे उरणारे मात्र त्यात पक्षकार नाहीत.

आपल्या चळवळीतील काही मित्रांचा सूर असा की, ही देशाच्या कौशल्याची लूट आहे, म्हणून या वाटेलाच विरोध केला पाहिजे. हे मला मान्य नाही. मंठा-परतूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने आयटीआय करून स्टुटगार्टला जायचे ठरविले, तर त्याला देशभक्तीचे पाठ देण्याचा आपल्याला अधिकार काय? आमच्या पिढीतील प्राध्यापकांची, डॉक्टरांची आणि सनदी अधिकाऱ्यांची मुले चाळीस वर्षे अमेरिकेला जात आहेत, आणि त्यांच्या निरोप-समारंभांत भाषणे करणाऱ्यांत समाजवादीही होते. वेल्डर निघाला की मात्र 'कौशल्याची गळती' आठवते. जाण्याचा हक्क कामगाराचा आहे. कोणत्या अटींवर जायचे आणि खर्च कोणी सोसायचा, हा वादाचा मुद्दा आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत, कामगार घडविण्याचा खर्च एका समाजाने केला आणि त्याच्या श्रमाचे उत्पन्न दुसऱ्याला मिळाले. वीस-बावीस वर्षांचे पोषण, जिल्हा परिषदेची शाळा, शासकीय आयटीआय हे सारे आपल्याकडे. हात तयार झाल्यावर तो म्हाताऱ्या होत चाललेल्या जर्मनीच्या कामी येणार. मग निदान भाषा शिकविण्याचा आणि पात्रता मान्य करून घेण्याचा खर्च तिकडच्या मालकाने का करू नये? हे स्वप्नरंजन नव्हे. केरळच्या नोर्का-रूट्स या शासकीय संस्थेने २०२१ मध्ये जर्मनीच्या संघीय रोजगार संस्थेशी परिचारिकांसाठी करार केला. त्या योजनेत निवड झालेल्या परिचारिकेला भाषाशिक्षणासाठी पदरचे काही मोजावे लागत नाही. केरळने परदेशी रोजगारासाठी सरकारी कंपनी १९७७ सालीच काढली होती.

आपल्याकडे तपशिलाचीच आबाळ असते. एक उदाहरण पुरे. मार्च २०२४ पासून जर्मन कायद्याने एक नवी वाट काढली: कामावर रुजू व्हावे आणि पात्रतेची मान्यता तेथे राहून पूर्ण करावी. पण त्यासाठी मूळ शिक्षण किमान दोन वर्षांचे हवे, आणि जर्मनचे प्राथमिक ज्ञानही हवे. आपल्या आयटीआयमध्ये फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, पण वेल्डर आणि प्लंबर एकच वर्षाचे! म्हणजे शासनाच्या यादीत नाव असलेल्या प्लंबरला केवळ एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर ही वाट बंद आहे. हे त्याला प्रवेश घेतानाच सांगितले पाहिजे. आयटीआय सांगत नसेल तर दलाल सांगेल, त्याला सोयीचे तेवढेच. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत भरती एजंटाचे सेवाशुल्क तीस हजार रुपये अधिक कर एवढ्यावर बांधले. पण 'विद्यार्थी' म्हणून पाठविणारा सल्लागार या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. शेत गहाण पडते ते अशा ठिकाणी.

आता कुटुंबाचा प्रश्न. जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार केला तेव्हा मुक्काम दोन वर्षांपुरता होता आणि बायकामुलांना आणण्याची तरतूदच नव्हती. दोन वर्षांची मर्यादा १९६४ मध्ये गेली, कारण शिकविलेला माणूस परत पाठविणे मालकांनाच परवडेना. १९७३ मध्ये भरती थांबली. कामगार मात्र राहिले आणि त्यांची कुटुंबे येऊ लागली. आज कुशल कामगाराच्या जोडीदाराला तेथे नोकरी करण्याचा अधिकार आहे. १ मार्च २०२४ नंतर प्रथम परवाना मिळालेल्यांना आईवडिलांनाही नेता येते, मात्र त्यांचा निर्वाह आणि आरोग्यविमा यांची हमी द्यावी लागते. बदनापूरच्या सत्तरीतल्या मधुमेही आईचा विमा तिकडे काय भावाने उतरेल, याचा विचार कागदावरचा हक्क करीत नाही. तरीही तो हक्क आहे. आखातात तोही पगाराच्या मापाने मिळतो: संयुक्त अरब अमिरातीत चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय, एवढी मिळकत असेल तरच कुटुंब आणता येते. म्हणजे गवंड्याला संसार नाही, अभियंत्याला आहे.

इथपर्यंत आपले लोक माना डोलावतील. पुढचे बोलणे मात्र जालन्यात अप्रिय आहे. आपला जिल्हा माणसे पाठवितो, तशी घेतोही. येथील लोखंडी सळ्यांचा उद्योग बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून आलेल्या कामगारांवर चालतो. वितळलेल्या लोखंडाची जात ओळखणारा भट्टीवरचा माणूस हा कोणत्याही व्याख्येने कुशल कामगार आहे. त्याला भाषावर्ग नाही आणि त्याच्या बायकोमुलांचा विचार तर कोठेच नाही. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर-करमाड दरम्यान रुळांवर झोपलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातले होते, शहडोल-उमरिया भागातले, आणि टाळेबंदीत पायी गावाकडे निघाले होते. त्यांचे घर जालन्यात असते तर ते रुळांवर आले नसते.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात निवासाची तरतूद होती, विस्थापन भत्ताही होता. तो कायदा पाच कामगारांपासून लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ही मर्यादा दहावर गेली आणि विस्थापन भत्ता गळाला. आणि आपलीच ऊसतोड? अंबड-घनसावंगीहून टोळी निघते तेव्हा कुटुंब सोबत असते, पण कसे? नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल एका नावावर, काम दोघांचे, खाडा झाला तर दंड दोघांच्या कष्टातून, आणि पोर उसाच्या फडात. कुटुंबासह स्थलांतराचा एवढा जुना आणि एवढा क्रूर नमुना घरात असताना कुटुंबाच्या हक्कांची चर्चा फक्त युरोपच्या संदर्भात करता येणार नाही.

म्हणून जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी दोन मागण्या एकाच निवेदनात मांडाव्यात. जर्मनीकडे जाणाऱ्यांसाठी: भाषा व मान्यतेचा खर्च परदेशी मालकाकडून, करारनाम्याची मराठी प्रत सहीपूर्वी हातात, कुटुंब नेण्याच्या अटी त्यातच लिहिलेल्या, आणि प्रत्येक शासकीय आयटीआयमध्ये मोफत माहिती देणारा जबाबदार माणूस. जालन्यात आलेल्यांसाठी: भट्टीच्या आवाराबाहेर सहकुटुंब राहण्याजोगी वसाहत, कामगाराच्या स्वतःच्या नावाने नियुक्तिपत्र, आणि हिंदी बोलणाऱ्या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकविणारा शिक्षक.

पहिल्या मागणीला कोणी विरोध करणार नाही. दुसरीला कारखानदार करतील. 'परप्रांतीयांसाठी कशाला?' असे विचारीत त्यांना साथ देणाऱ्यांत काही जण असे असतील, ज्यांचा मुलगा सध्या जर्मन शिकतो आहे. त्यांच्याशी सभेत नव्हे, घरी बसून बोलावे लागेल, आणि ते बोलणे लांबेल.