मंथनाचा गाजावाजा, पंगतीचा विसर

'पाणीनिर्मिती' हा शब्द अलीकडे आपल्याकडे बिनदिक्कत वापरला जाऊ लागला आहे. वीजनिर्मिती, साखरनिर्मिती, तशी पाणीनिर्मिती. वास्तविक पाणी कोणी निर्माण करत नाही. ते एका ठिकाणाहून उचलले जाते आणि दुसऱ्या ठिकाणी दिले जाते, किंवा त्यात मिसळलेले काही बाजूला काढले जाते. साहित्याच्या अभ्यासकाने पाटबंधाऱ्यांच्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, येथील पहिली हातचलाखी भाषेत झालेली आहे, आणि ती पकडणे हे आपलेच काम आहे.

समुद्राचे पाणी गोडे करणे आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, या दोन तंत्रांचा जगभर पुरस्कार करणारी एक ना-नफा संघटना आहे : आंतरराष्ट्रीय निःक्षारीकरण आणि पुनर्वापर संघटना. तिच्या नावात पूर्वी फक्त निःक्षारीकरण होते, पुनर्वापराची भर नंतर पडली. संशोधक, सल्लागार, यंत्रे बनवणारे आणि प्रकल्प उभारणारे असे सारेच तिच्या छत्राखाली येतात. संघटना नफा कमावत नाही हे खरे. पण जे तंत्र ती पुरस्कारते ते विकणाऱ्यांनी नफ्याचा त्याग केलेला नाही, हेही तितकेच खरे. यात गैर काही नाही. गैर आहे ते एवढेच की, समुद्रकाठी जन्मलेली ही परिभाषा आपण जशीच्या तशी घाट चढवून देशावर आणतो.

समुद्रकाठी तिला अर्थ आहे, हे आधी मान्य करू. मुंबईचे सांडपाणी अखेर समुद्रालाच मिळते. त्यातला जो थेंब शुद्ध करून परत वापरला तो खरोखरच वाचला, कारण त्या थेंबाची वाट पाहणारे पुढचे गाव तेथे नाही. इस्राएलने आपले बहुतांश सांडपाणी शेतीला दिले, सिंगापूरने 2003पासून शुद्ध केलेले सांडपाणी पुन्हा पुरवठ्यात आणले, चेन्नईजवळ मिंजूरला 2010मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. मुंबई महापालिकेनेही मनोरी येथे रोज 200 दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प योजिला. एक हजार लिटर गोड्या पाण्यासाठी सुमारे तीन ते चार युनिट वीज लागते, म्हणजे हे पाणी महाग आहे. पण महाग असणे म्हणजे खोटे असणे नव्हे.

आता नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, येऊ. नगर शहराचे सांडपाणी सीनेत जाते. सीना पुढे कर्जतकडून सोलापूर जिल्ह्यात उतरते आणि भीमेला मिळते. या वाटेवर 'वाया जाणारे' पाणी नेमके कोठे आहे? शहराने ज्याला सांडपाणी म्हटले ते खालच्या गावाच्या विहिरीचे आणि शेताचे पाणी आहे. घाण आहे, पण आहे. नदीच्या खोऱ्यात प्रत्येकाचा वापर हा वरच्याच्या दृष्टीने पुनर्वापरच असतो. तेव्हा वरच्या शहराने किंवा कारखान्याने 'आम्ही आमचे पाणी पुन्हा वापरणार' असे म्हटले, तर त्याचा सरळ अर्थ 'खाली जाणारे पाणी आम्ही अडवणार' असा होतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. घाण केलेले पाणी स्वच्छ करून नदीत सोडणे हे कर्तव्य आहे. 1974च्या जलप्रदूषण कायद्याचा रोख तोच आहे. ते पाणी स्वतःकडे ठेवून घेणे हा मालकीचा दावा आहे. 'पुनर्वापर' हा शब्द कर्तव्याच्या पिशवीत दावा घालून देतो आणि वर पर्यावरणप्रेमाचे प्रशस्तिपत्रक मागतो.

नागपूरचे उदाहरण यावर पुढे केले जाईल. तेथे शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची योजना अमलात आली आणि ती चांगली आहे. पण ती चांगली का आहे? वीजकेंद्राने सांडपाणी घेतले म्हणून धरणाचे तेवढे ताजे पाणी पिण्यासाठी मोकळे झाले, म्हणून. अदलाबदल झाली तर पुनर्वापर प्रामाणिक. ताज्या पाण्याचा हिस्सा तसाच ठेवून वर हेही पाणी घेतले तर तो दुहेरी वाटा झाला. एखाद्या योजनेबद्दल विचारण्याचा प्रश्न म्हणूनच एकच आहे : याच्या बदल्यात कोणी काय सोडले?

निःक्षारीकरणाची गोष्ट याहून बोलकी आहे. 2019मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी मांडलेल्या अंदाजानुसार जगातले प्रकल्प रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडे पाणी देतात आणि सव्वाचौदा कोटी घनमीटर तीव्र खारे पाणी मागे टाकतात. समुद्रकाठी ते समुद्रात जाते. देशावर कोठे जाणार? गावोगावच्या शुद्ध पाण्याच्या यंत्रातून गोडे पाणी जारमध्ये आणि उरलेला क्षार गटारात, असे जेथे चालते तेथे तो क्षार झिरपत पुन्हा भूजलाकडेच जातो. यंत्राने क्षार काढला, पण गावाबाहेर काढला नाही.

आणि नगर जिल्ह्याला क्षाराची ओळख करून देण्याची गरज नाही. 'चोपण' हा शब्द तेथल्या शेतकऱ्याला कोणत्याही परिषदेने शिकवलेला नाही. ओली झाली की चिकटणारी, वाळली की दगड होणारी, पाणी मुरू न देणारी जमीन म्हणजे चोपण. भंडारदऱ्याचे धरण 1926मध्ये पूर्ण झाले, ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचे कालवे निघाले, ऊस आला, साखर आली. 1950च्या सुमारास लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. या समृद्धीची टिंगल करण्याचे कारण नाही. पण हिशेब करून पाहावा. उसाच्या एका हेक्टरला वर्षाला वीस हजार घनमीटर पाणी दिले आणि त्यात लिटरमागे 300 मिलिग्रॅम क्षार धरला, तर वर्षाला सहा टन क्षार शेतात येतो. पीक पाणी पिते, क्षार पीत नाही. निचरा नसेल तर तो तेथेच साठतो; पाझराने भूजल वर आले की पृष्ठभागावर पांढरा थर धरतो. म्हणजे एकीकडे आपण गोड्या पाण्याने जमीन खारवली आणि दुसरीकडे खारे पाणी गोडे करण्याच्या यंत्राचे कौतुक करत आहोत.

यंत्राचे हे आकर्षण कशासाठी? वाटपाचा अवघड प्रश्न टाळता यावा यासाठी. 2005च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील तुटीचे समन्यायी वाटप सांगितले. मेंढेगिरी समितीने 2013मध्ये त्याचे कोष्टक दिले, उच्च न्यायालयाने 2016मध्ये तत्त्व उचलून धरले. तरीही 2023च्या दुष्काळात नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा जुनेच वादळ उठले. नगरकरांची बाजू पोकळ नाही. जायकवाडीच्या जलाशयात नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतील गावे बुडाली आहेत. म्हणूनच हा प्रश्न माणसांनी समोरासमोर बसून सोडवायचा आहे. 'नवे पाणी आणू, मग भांडणच उरणार नाही' हे आश्वासन त्या बैठकीतून पळ काढण्याची वाट आहे.

प्रवरेला लोक अमृतवाहिनी म्हणतात. तिच्या काठी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि त्याच नेवाशात मोहिनीराजाचे मंदिर आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत मोहिनीने येथे वाटले अशी तेथली श्रद्धा. पंगतीत चोरून बसलेल्या राहूशी लोककथा शेजारच्या राहुरीचे नाव जोडते. कथेत मंथन देव-दानवांनी मिळून केले. समुद्रातून अमृत काढणे जमले. बिघडले ते पंगतीत. कोणाला वाढायचे, कोणाला वगळायचे, आणि वाढणारीवर विश्वास का ठेवायचा, यावर कथा अडते. आपले आजचे जलचिंतन मंथनाच्या यंत्रापाशीच थांबते.

पंगतीचा विचार करणारे गाव त्याच जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारने पावसाच्या पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडला, शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली, उसासारख्या पिकाला मज्जाव केला. त्यात यंत्र कमी आणि नकार जास्त आहे. हे एका लहान गावाला जमले, जिल्ह्याला कसे जमणार, हा आक्षेप योग्य आहे. पण तो आक्षेप राजकारणाचा आहे, तंत्रज्ञानाचा नव्हे. तेव्हा पुढल्या वेळी कोणी पुनर्वापराची किंवा पाणीनिर्मितीची योजना घेऊन आला, तर क्षमता, खर्च आणि गाळणीचे आयुष्य विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : हे पाणी आज कोणाकडे जाते, उरलेला क्षार कोठे जाणार, आणि बदल्यात कोण आपला वाटा सोडणार? या तिन्हींची उत्तरे कागदावर नसतील, तर योजना कितीही शुद्ध असो, तिची भाषा खारट आहे.