ओळखपत्र की दर्जापत्र?



आपल्यापैकी बरेच जण आता नोकरदार राहिलेले नाहीत. कुणाची फिजिओथेरपीची प्रॅक्टिस आहे, कुणाची पंचवीस-तीस माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, कुणाच्या दोन-तीन फार्मसी. थोडक्यात, आपण मालक झालो आहोत. तरुणपणी मोर्चात घोषणा दिलेल्यांना हा शब्द जरा टोचतो, पण खरं ते खरं. आणि मालक झाल्यावर समतेबद्दलची आपली मतं कुठे दिसतात, तर अगदी बारीकसारीक गोष्टींत. अशाच एका बारीक गोष्टीबद्दल आज लिहितो आहे. कर्मचाऱ्यांचं ओळखपत्र, आणि ते ऑफिसातच छापणं.

माझी न्यू जर्सीत वैद्यकीय सामानाच्या वितरणाची छोटी कंपनी आहे. ऑफिस आणि वेअरहाउस मिळून बावीस माणसं कायम पगारावर आहेत, आणि काम वाढेल तसे बारा-पंधरा जण स्टाफिंग एजन्सीमार्फत येतात. पूर्वी कार्डं बाहेरून छापून यायची. ठरावीक संख्येखाली ऑर्डर घेत नसत, आणि हातात पडायला दोन आठवडे लागत. कायम माणसाला ते चालून जाई. सहा आठवड्यांसाठी आलेल्या माणसाचं कार्ड मात्र कुणी मागवतच नाही. त्याच्या शर्टावर रोज सकाळी नवा कागदी स्टिकर. गेल्या वर्षी आम्ही कार्ड छापायचं मशीन घेतलं, त्याला हे मुख्य कारण होतं.

तांत्रिक बाजू फार अवघड नाही. कार्ड क्रेडिट कार्डाच्याच मापाचं, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, सुमारे पाऊण मिलिमीटर जाड पीव्हीसी. प्रिंटर हजार-दीड हजार डॉलरच्या आसपास मिळतो. त्यात शाईऐवजी रिबन असते. तिच्यावर पिवळा, मॅजेंटा, सायन, काळा आणि शेवटी पारदर्शक लेप असे पट्टे ओळीने असतात; डोकं तापतं आणि रंग कार्डात उतरतो. आम्हाला एक कार्ड रिबन धरून डॉलरच्या आतच पडतं. धूळ बसली की पांढरे ठिपके येतात, म्हणून अधूनमधून सफाईचं कार्ड फिरवायचं. बस्स. सकाळी आठला आलेल्या माणसाच्या गळ्यात सव्वाआठला त्याचं कार्ड असतं.

खरा प्रश्न पुढेच आहे. सॉफ्टवेअर उघडलं की तयार नमुने समोर येतात. कर्मचारी निळा, कंत्राटी केशरी, पाहुणा हिरवा. एक क्लिक केलं की काम झालं. माझं म्हणणं एवढंच की ते क्लिक करू नका. जो तुमच्या छताखाली काम करतो, त्या प्रत्येकाला एकाच रंगाचं, एकाच नमुन्याचं कार्ड द्या. पगार तुम्ही देता की एजन्सी देते, हे कार्डावर दिसण्याचं काही कारण नाही.

या विषयावर आपण मंडळींनी तरी वेगळं बोलू नये, कारण आपल्यातले कितीतरी जण वायटूकेच्या आगेमागे कन्सल्टंट म्हणूनच आलो. मी एका मोठ्या विमा कंपनीत अडीच वर्षं होतो. काम तेच, टेबल तेच, पण बिल्ल्याचा रंग वेगळा. कॅफेटेरियात रंग बघून दर बदलायचा आणि तिमाही बैठकीला त्या रंगाला आमंत्रण नसायचं. कुणी वाईट वागत नव्हतं. त्याची गरजच नव्हती, बिल्ला परस्पर ते काम करत होता.

हे माझ्यापुरतं नव्हतं. मायक्रोसॉफ्टवरचा 'पर्माटेम्प' खटला अनेकांना आठवत असेल. वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्यांना कंपनी फ्रीलान्सर म्हणत होती. अपील कोर्टाच्या १९९६ च्या निकालपत्रात इतर तपशिलांबरोबर त्यांच्या बिल्ल्याचा वेगळा रंग आणि पार्ट्यांना नसलेलं बोलावणं यांचीही नोंद आहे. अखेर २००० च्या डिसेंबरमध्ये सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यानंतरही रीत मोडली नाही. गूगलमध्ये कायम माणसांचा बिल्ला पांढरा, कंत्राटींचा लाल, ही गोष्ट २०१८-१९ मध्ये चव्हाट्यावर आली. २०१९ च्या मार्चमध्ये तिथे १ लाख २ हजार कायम आणि १ लाख २१ हजार कंत्राटी माणसं होती, असं न्यू यॉर्क टाइम्सने छापलं. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं 'बाहेरची'!

ओळखपत्र ही मुळात दुधारी वस्तू आहे. आपल्या लोकांनी तिच्या दोन्ही धारा पाहिल्या आहेत. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानी मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही होते. करार पुरा करून मोकळ्या झालेल्या मजुरांनी स्वतःचा फोटो असलेलं तिकीट जवळ बाळगावं, अशी सक्ती तिथल्या १८६७ च्या कायद्याने केली. तिकीट दाखवता आलं नाही तर भटक्या ठरवून अटक. आडोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या मळेवाल्याने १८७१ मध्ये मजुरांच्या वतीने अर्ज केला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी शाही आयोग नेमला गेला. त्या मजुरांचे फोटो आजही मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेले आहेत. एवढ्या जुन्या काळात इतक्या गरीब माणसांचे इतके फोटो निघाले, ते काही हौसेने काढलेले नव्हते.

दुसरी धार पुण्याची. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक बायांना ओळखपत्रं दिली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेने त्यांना मान्यता दिली. ज्या बाईला पोलीस चोर समजून हटकत, तिला आता दाखवायला काही तरी होतं. मी माझं काम करते आहे, आणि शहराला ते ठाऊक आहे, असं ते कार्ड सांगत होतं. एक कार्ड माणसाला बांधून ठेवतं, दुसरं त्याला उभं करतं. कागद सारखाच. फरक असतो तो कार्ड कुणाच्या सोयीसाठी काढलं याचा.

आता आक्षेपांकडे वळतो. माझ्या भागीदारानेच ते घेतले होते, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप कायद्याचा. सगळ्यांना सारखं कार्ड दिलं तर एजन्सीची माणसं आपलीच कर्मचारी ठरतील, म्हणजे ज्याला को-एम्प्लॉयमेंट म्हणतात ते गळ्यात येईल. वकिलाला जरूर विचारा. पण कोर्टं प्रामुख्याने काम कोण नेमून देतं, देखरेख कोण करतं, माणूस किती काळ आहे, हे बघतात. वेगळ्या रंगाचा बिल्ला असूनही मायक्रोसॉफ्टला पैसे मोजावे लागलेच. आणि इथे न्यू जर्सीत २०२३ च्या टेम्पररी वर्कर्स बिल ऑफ राइट्सप्रमाणे वेअरहाउससारख्या कामांत, सारख्या कामासाठी एजन्सीच्या माणसाला कायम माणसाइतकाच सरासरी पगार आणि तशाच सवलती, किंवा त्यांची रोख किंमत द्यावी लागते. कायदाच पगार सारखा करायला सांगत असेल, तर बिल्ला वेगळा ठेवून आपण काय मिळवतो?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तात्पुरता माणूस गेल्यावर कार्ड त्याच्याकडे राहिलं तर? त्याला उपाय मुदतीचा. आमच्या प्रत्येक कार्डावर, माझ्यासुद्धा, मुदत संपण्याची तारीख आहे. दार उघडायचं की नाही हे रंग ठरवत नाही, संगणकातली यादी ठरवते. तिथून नाव काढलं की कार्ड मुकं. शिवाय जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या प्रॉक्सिमिटी कार्डांची नक्कल स्वस्तातल्या यंत्रावर होते, तेव्हा सुरक्षेची खरी काळजी असेल तर पैसे चांगल्या कार्डावर खर्च करा.

फरक कधीच दाखवू नये असं मी म्हणत नाही. पाहुण्याचं कार्ड वेगळं हवं, कारण त्याला इमारत माहीत नसते, आग लागली तर त्याला कुणीतरी बाहेर न्यायला हवं. फोर्कलिफ्ट चालवायचं प्रशिक्षण ज्याला आहे त्याच्या कार्डावर आम्ही खूण करतो, कारण किल्ली देणाऱ्याला ते कळायला हवं. कसोटी सोपी आहे: कार्ड बघणाऱ्याला ही माहिती कामासाठी लागते का? लागत असेल तर छापा.

हीच कसोटी बाकीच्या मजकुराला लावा, कार्ड बरंच मोकळं होईल. भारतात ऑफिसच्या कार्डावर रक्तगट आणि घरचा पत्ता छापायची पद्धत आहे. रक्त देण्याआधी हॉस्पिटल स्वतः तपासणी करतंच, कार्डावरचा गट धरून कुणी रक्त चढवत नाही. घरचा पत्ता तर एखाद्या बाईच्या कार्डावर मुळीच असू नये. कार्ड पार्किंग लॉटमध्ये पडलं की तो अनोळखी माणसाच्या हातात. सोशल सिक्युरिटी नंबरचा प्रश्नच नाही. मेडिकेअरच्या कार्डांवरूनसुद्धा तो काढायला काँग्रेसने २०१५ मध्ये कायदा केला आणि २०१८-१९ मध्ये नवी कार्डं वाटली. कंपनीचा पत्ताही नको, कारण ती पत्ता लिहिलेली किल्ली होते. मागच्या बाजूला पोस्टाची पेटी पुरते.

नावाबद्दल दोन शब्द, आणि ते खास आपल्यासाठी. आमच्या कार्डावर पहिलं नाव मोठ्या अक्षरात असतं, म्हणजे ज्या नावाने हाक मारलेली त्या माणसाला आवडते ते. आडनाव छापायचं की नाही हे तो ठरवतो. पूर्ण कायदेशीर नाव पेरोलमध्ये असतंच. इतरांना ही निव्वळ सोय वाटेल, पण आपण मराठी माणसं बिल्ल्यावरचं आडनाव वाचतो तेव्हा नुसतं नाव वाचत नाही. "मूळ गाव कुठलं?" हा प्रश्न गावासाठी नसतो, हे विचारणाऱ्याला कळतं आणि ज्याला विचारला त्याला त्याहून जास्त कळतं. सिएटलने २०२३ च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर म्हणून. कायदा बाहेरून येतो; आपल्या दारातला बिल्ला आपण स्वतः बदलू शकतो.

फोटोचंही तेच. मशीन फोटो आपोआप सुधारतं, पण ती सुधारणा सगळ्या चेहऱ्यांना मानवत नाही. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो वापरत, त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या सवयीचे अवशेष अजून आहेत. सावळ्या माणसाचा चेहरा पांढऱ्या भिंतीपुढे काढला की कार्डावर नाकडोळे दिसत नाहीत, आणि मग दारावरचा माणूस त्यालाच दोनदा थांबवतो. राखाडी पडदा लावा, खिडकीचा उजेड समोरून घ्या, आपोआप सुधारणा बंद करा. आणि छापण्याआधी फोटो त्या माणसाला दाखवा. आमच्याकडे कुणालाही पुन्हा काढून मिळतो. त्याला फार तर दोन मिनिटं लागतात.

शेवटची एक गोष्ट, जी विकणारा क्वचितच सांगतो. वापरलेल्या रिबनवर प्रत्येक कार्डाची उलटी प्रत राहते. नाव आणि नंबर काळ्या पट्ट्यावर सरळ वाचता येतात, चेहराही ओळखू येतो. ती गुंडाळी कचऱ्यात टाकणं म्हणजे सगळ्या माणसांची यादी फोटोंसकट रस्त्यावर ठेवणं. आम्ही ती कात्रीने कापून श्रेडरमध्ये घालतो. काम किचकट आहे, पण फोटो छापायचा अधिकार आपण घेतला तर तो नष्ट करण्याची जबाबदारीही आपलीच.

काही जण म्हणतील, बिल्ल्याचा रंग एक केल्याने एजन्सीच्या माणसाला आरोग्य विमा मिळतो का? आपोआप नाही मिळत. त्यासाठी वेगळं भांडावं लागतं, आणि ते भांडण आपल्याच तिजोरीशी असल्याने जास्त अवघड. पण ज्या ऑफिसात रोज डोळ्यांसमोर दोन रंग फिरतात, तिथे ते भांडण सुरूच होत नाही, कारण फरक स्वाभाविक वाटू लागतो. रंग गेला की निदान प्रश्न उरतो: हा माणूस आमच्यासारखाच दिसतो, आमच्याइतकंच काम करतो, मग याची सुट्टी बिनपगारी का?

तुमच्या प्रॅक्टिसमध्ये, दुकानात, कंपनीत काय पद्धत आहे ते जरूर कळवा. संध्याकाळी साफसफाईला येणाऱ्या माणसांच्या गळ्यात कार्ड आहे का, आणि असलं तर त्यावर त्यांचं नाव आहे की नुसतं कंत्राटदाराचं, एवढं उद्या बघून घ्या.