पडवीतल्या चुली

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. त्यात करोनाची धास्ती. तरीही ज्याचं छप्पर टिकलं, त्याच्या पडवीत शेजारच्या घरांचाही भात शिजला. कोयता-करवत घेऊन माणसं आडवे पडलेले माड तोडत एकमेकांच्या दारापर्यंत पोचली. पंचनामे नंतर झाले. पण हेक्टरी भरपाईचा हिशेब गुंठ्यांतल्या वाड्यांना कसा पुरणार? पोफळ नव्यानं लावली तर फळायला वर्षानुवर्षं लागतात; तोवर घर चालायचं ते बरंचसं शेजाऱ्यांच्या उसनवारीवर. या मदतीची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नसते. म्हणून हा अंक अशा मदतीच्या आठवणींसाठी. तुमच्या आळीतली आठवण आम्हाला जरूर लिहून पाठवा.